हार्टोग्स त्रिकोणावर बर्गमन प्रोजेक्शन पी = ४ ला का अडकतं?

प्रश्न (नांदेड): चकतीवर बर्गमन प्रोजेक्शन (फलनाचं एल-२ मधल्या होलोमॉर्फिक, म्हणजे संमिश्र-विकलनीय, फलनांवरचं लंब प्रक्षेपण) १ < पी < ∞ साठी एल-पी वर (ज्यांच्या मूल्याच्या पी घाताचं इंटिग्रल सांत असतं अशा फलनांवर) बाउंडेड असतं, म्हणजे नॉर्म ठरावीक पटीपेक्षा जास्त वाढवत नाही. मग |क्ष| < |य| < १ या हार्टोग्स त्रिकोणावर ४/३ < पी < ४ एवढंच का, सर?

उत्तर (लातूर): य चा संयुग्मी घेऊन बघा. तो बाउंडेड आहे, म्हणून प्रत्येक एल-पी मध्ये बसतो. एल-२ मधल्या होलोमॉर्फिक एकपदींपैकी फक्त १/य शी त्याचं अंतर्गुणन शून्य येत नाही: ते π²/२, आणि १/य च्या नॉर्मचा वर्ग π². म्हणजे प्रोजेक्शन १/(२य). आता |१/य| च्या पी घाताचं इंटिग्रल करायला |य| = र ठेवा. क्ष ची चकती πर² देते, ध्रुवीय माप २πर. उरतं र च्या (३ − पी) घाताचं ० ते १ इंटिग्रल. पी ≥ ४ झालं की ते फुटतं. प्रोजेक्शन सेल्फ-अ‍ॅडजॉइंट असल्यानं ड्युअ‍ॅलिटीनं पी ≤ ४/३ सुद्धा गेलं (पी ची जोडी पी/(पी − १) शी, म्हणजे ४ ची ४/३ शी).

उत्तर (परभणी): मधला पट्टा, म्हणजे ४/३ ते ४ मध्ये प्रोजेक्शन चालतं हे दाखवणं, खरा गोड आहे. (क्ष/य, य) हा बदल करा, पण जेकोबियन (चल बदलताना येणारा डिटर्मिनंट) १/य विसरू नका. विसरलात की ‘सगळे पी चालतात’ असं चुकीचं उत्तर येतं. जेकोबियन धरला की चकतीवर |य| च्या (२ − पी) घाताचं वजन बसतं. ते वजन आणि त्याचं ड्युअल वजन (त्याचाच −१/(पी − १) घात), दोन्ही शून्यापाशी इंटिग्रेबल हवीत: पहिल्यातून पी < ४, दुसऱ्यातून पी > ४/३.

उत्तर (बीड): दोष मूळबिंदूपाशी खडबडीत असलेल्या सीमेचा. गुळगुळीत, स्ट्राँगली स्यूडोकॉन्व्हेक्स (बहिर्वक्रतेसारखी, पण संमिश्र चलांसाठीची अट पाळणाऱ्या) क्षेत्रावर १ < पी < ∞ सगळे चालतात. फाँग आणि स्टाइन, १९७७.