डचमनची हरवलेली खाण: मे महिन्यात जावं का?

खाडीकाठ, रत्नागिरी: ॲरिझोनातल्या सुपरस्टिशन डोंगरात ‘डचमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जेकब वॉल्ट्झची (मृत्यू १८९१) दंतकथेतली सोन्याची खाण शोधायला जायचंय. सुट्टी मेमध्येच आहे. पाणी किती न्यावं? वाळू धुऊन सोनं काढायच्या सरावाला आपल्या पुळणीवरची काळी वाळू चालेल?

जांभा: मे सोडाच. पारा चाळिशीपार जातो. आपल्याकडे घाम निथळतो, तिथे तो अंगावरच सुकतो. पाणी कमी पडल्याचं चक्कर आल्यावर कळतं. नोव्हेंबर ते मार्च बरा. तेव्हाही माणशी रोज किमान ४ लिटर, ओआरएस वेगळं. ओढ्यांवर विसंबू नका. ॲडॉल्फ रूथ हीच खाण शोधायला जून १९३१ मध्ये गेला, डिसेंबरात कवटी मिळाली.

कातळ: खणायचं तर विसराच. वाइल्डरनेस, म्हणजे संरक्षित रानाचं क्षेत्र आहे, १९८४ पासून नवे खाणदावे बंद. शिवाय तो डोंगर ज्वालामुखीच्या राखेचा. सोनं निघालं ते पश्चिम पायथ्याच्या गोल्डफील्डला. तिथल्या वीव्हर्स नीडल या सुळक्याच्या सावलीवरचे नकाशे विकतात, पण तारीख-वेळेशिवाय सावलीला काय अर्थ?

काळी वाळू मात्र सरावाला झकास. त्यातलं इल्मेनाइट हे खनिज जड (घनता ४.७), सोनं १९.३. शिशाचे १० बारीक छरे (११.३) चपटे करून पसाभर वाळूत मिसळा. पॅन (सोनं धुवायची उथळ थाळी) पाण्याखाली धरून आधी आडवं जोरात हलवा, जड ते तळाला बसू दे. मगच पुढे कलवून वरची वाळू थोडीथोडी सोडा. छरे हरवले तर हलवणं अपुरं पडलं किंवा कल जास्त झाला. धुणं घमेल्यातच करा, शिसं पुळणीवर नको.

खाडीकाठ: मग डिसेंबरची रजा बघतो. घमेलं आहेच.