घरच्या छोट्या मिलिंगवर ६३चा इन्सर्ट कटर घेऊच नका

टूलरूम निवृत्त, भोसरी

माझ्या शेडमध्ये एक एचपीचं बेंच मिलिंग आहे. सिंगल फेज, एमटी३ (मोर्स टेपर ३) स्पिंडल, फीड (टेबल सरकवणं) हाताने. गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या तीन मुलांनी असंच मशीन घेतलं आणि तिघांनीही सोबत पहिली खरेदी केली ती ६३ मिमीच्या, पाच इन्सर्टच्या (बदलता येणाऱ्या विडियाच्या तुकड्यांच्या) फेस मिलची, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करणाऱ्या कटरची. तिघांच्याही जॉबवर लाटा आल्या, एकाच्या व्हाइसमधून प्लेट उडाली. म्हणून हे लिहितोय.

विडियाला (कार्बाइडला) वेग लागतो हे सगळ्यांना पाठ असतं. एमएसला (माइल्ड स्टीलला) एचएसएस (हायस्पीड स्टीलचं टूल) २५-३० मीटर प्रति मिनिट, कोटेड कार्बाइड १२०च्या पुढे. पण फीडचा हिशोब कुणी मांडत नाही. १६ मिमीचा दोन इन्सर्टचा कटर घ्या, एपीएमटी ११३५ या मापाचे इन्सर्ट लागणारा. १२० मीटरला साधारण २४०० आरपीएम झाले. दाताला ८ पॉईंट (०.०८ मिमी) फीड धरला तर टेबल मिनिटाला ३८४ मिमी सरकायला हवं. माझ्या हँडलच्या एका फेऱ्याला ४ मिमी जातात, म्हणजे मिनिटाला ९६ फेरे. फिरवून बघा. हात दमतो, फीड निम्म्यावर येतो आणि इन्सर्ट कापायचं सोडून घासायला लागतो. इन्सर्टची धार तुटू नये म्हणून तिला कारखान्यातच बारीक गोलाई दिलेली असते. तिला चिप पातळ मिळाली की ती मटेरियल दाबते, गरम करते, आणि एसएस ३०४ (स्टेनलेस) असेल तर वरचा थर कडक करून ठेवते.

तोच १६चा चार दातांचा एचएसएस एंड मिल ५०० आरपीएमला, दाताला ५ पॉईंट. मिनिटाला १०० मिमी, हँडलचे २५ फेरे. शांतपणे होतं. घरी मर्यादा हाताची आणि मशीनच्या वजनाची असते, टूलची नसते. नव्या माणसानं पहिल्या वर्षी एचएसएसच वापरावं.

उद्यमनगरकर, कोल्हापूर

काका, एमएसपुरतं पटलं. आता एचएसएसनं बिडाच्या कास्टिंगची वरची स्किन काढून दाखवा. त्यात वाळू रुतलेली असते, पातळ कोपऱ्यात बीड लवकर थंड होऊन पांढरं, काचेसारखं कडक झालेलं असतं. माझ्याकडे इंजिनाच्या मॉडेलचं कास्टिंग होतं, तळहाताएवढं. नवा एचएसएस एंड मिल पहिल्याच पासला काळा पडला, दुसऱ्या पासला दात गोल. मग लाल खुणेचा, म्हणजे के ग्रेडचा इन्सर्ट लावला आणि स्किनच्या खाली जाईल असा एकदम दीड मिलीमीटरचा कट घेतला. झालं काम. गॅस कटिंग केलेल्या प्लेटच्या कडेचंही तेच.

आमच्या गल्लीतल्या प्रत्येक शेडमध्ये कास्टिंग आहे. इथल्या नवशिक्याला ‘वर्षभर एचएसएस’ सांगणं म्हणजे त्याला वर्षभर एंड मिल विकत घ्यायला लावणं. एंड मिल घरच्या ग्राइंडरवर नीट घासता येत नाही, त्याला टूल अँड कटर ग्राइंडर लागतो. इन्सर्टचा कोपरा मात्र टी८च्या किल्लीनं मिनिटभरात फिरवता येतो.

टूलरूम निवृत्त, भोसरी

बिडाचं मान्य. तिथे विडियाच. पण कोरडं चालवा आणि बिडाची काळी पूड स्लाइडवेवर (टेबल सरकतं त्या पट्ट्यांवर) राहू देऊ नका, तेलात मिसळली की ती लॅपिंग पेस्टच होते, पट्ट्या घासून काढते.

सेकंड शिफ्ट, अंबड

मी व्हीएमसीवर (कंपनीतल्या सीएनसी मिलिंगवर) काम करतो आणि घरी भाड्याच्या गाळ्यात जुनं एम१टीआर, म्हणजे हातानं चालवायचं टरेट मिलिंग, आहे, त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघतो. काकांचा हिशोब बरोबर, पण कटर फेकून देण्याची गरज नाही. पाचपैकी चार इन्सर्ट काढून ठेवा.

चेष्टा करत नाही. ६३च्या कटरमध्ये एकच इन्सर्ट, ६०० आरपीएम, दाताला १० पॉईंट, म्हणजे फीड मिनिटाला फक्त ६० मिमी. तुमच्या हँडलचे १५ फेरे. कट ३०-४० पॉईंटचा. एका वेळी एकच धार जॉबमध्ये, त्यामुळे मशीनवरचा जोर कमी. शिवाय पाच सीटमध्ये (इन्सर्ट बसायच्या जागांमध्ये) दोन-तीन पॉईंटचा उंचीचा फरक असतोच, सगळ्यात लांब असलेला इन्सर्टच फिनिश देतो. एकच ठेवला की तो प्रश्नही मिटला.

आता याची तुलना एचएसएसच्या फ्लाय कटरशी (एकच टूल बसवलेल्या कटरशी) करा. तेवढ्याच घेराला २५ मीटर म्हणजे १२६ आरपीएम. एक दात, ८ पॉईंट, मिनिटाला १० मिमी. दोनशे मिमीच्या प्लेटवर एक पास काढायला, कटर पूर्ण बाहेर निघेपर्यंत, पंचवीस मिनिटं हँडल धरून उभं राहायचं. आणि ज्या छोट्या मशीनचा वेग नॉबनं कमी होतो त्यांच्यात १२६ आरपीएमला मोटरमध्ये जीवच नसतो, कट लागला की थांबते. कमी वेगात ताकद गिअर देतो किंवा पट्टा, नॉब देत नाही. वेग वाढवून हलका कट घेणं अशा मोटरला जास्त मानवतं.

गॅलरी वर्कशॉप, ठाणे

एक शंका. मित्राच्या कंपनीत वापरलेले टीएनएमजी आणि सीएनएमजी (लेथचे इन्सर्ट) किलोवर भंगारात जातात. टीएनएमजीला सहा धारा, त्यातल्या दोन-तीन कोऱ्याच असतात. माझ्या मिनी लेथला तेच होल्डर घ्यायचा विचार आहे. चालेल ना?

सांगलीची लेथ

नका घेऊ, मी हे करून बसले आहे. नावातलं दुसरं अक्षर बघा. ‘एन’ म्हणजे बाजूला शून्य क्लिअरन्स (बाजू सरळ उभी, आत उतार नाही), म्हणून तो दोन्ही तोंडांनी वापरता येतो. पण कापताना घासू नये म्हणून होल्डरमध्ये त्याला धारेच्या बाजूनं खाली झुकवून बसवावं लागतं, आणि मग कापायला जोर लागतो. माझी लेथ ४५० वॉटची. टूल पोस्टच वाकायचं, व्यास एका टोकाला वेगळा, दुसऱ्या टोकाला वेगळा.

तुम्हाला दुसऱ्या जागी ‘सी’ हवा, ७ अंशांचा. सीसीएमटी ०६०२०४: सहा मिलीमीटरची धार, ०.४ नोझ रेडियस (टोकाची गोलाई). नोझ अजून लहान, ०.२ मिळाला तर फिनिशला आणखी चांगला. आणि सीसीजीटी ०६०२ची एक-दोन नगं जरूर घ्या. ती ग्राइंड केलेली, चकचकीत, ॲल्युमिनियमसाठीची असतात, पण छोट्या लेथवर ईएन८ स्टीलचा शेवटचा ५ पॉईंटचा कट त्यांच्यासारखा कोणी घेत नाही. रफिंगला लावू नका, कोपरा उडतो. डबा दहाचा असतो, दोघं-तिघं मिळून घ्या.

टूलरूमकाकांना माझा विरोध एवढाच की ‘इन्सर्ट’ या एका शब्दात तुम्ही सगळं कोंबताय. जाड सीव्हीडी (वाफेतून चढवलेल्या) कोटिंगचा, गोल धारेचा इन्सर्ट आणि हा सीसीजीटी यांच्यात जेवढा फरक आहे तेवढा सीसीजीटी आणि नीट घासलेलं एचएसएस यांच्यात नाही.

टूलरूम निवृत्त, भोसरी

ताई, हे बरोबर बोललात. शीर्षकात मी ६३चा कटर लिहिला आणि खाली सगळ्या विडियालाच झोडपलं. ती चूक माझी.

अंबडकर, काल तुमच्या पद्धतीनं करून पाहिलं. एका मुलाचाच कटर आणला, एक इन्सर्ट, ६०० आरपीएम, ३० पॉईंटचा कट, ८० मिमी रुंद एमएसची प्लेट दोन पासमध्ये. लाटा गेल्या. दर फेऱ्याला टक्-टक् आवाज येतो, पण डायल लावून पाहिलं तर प्लेट २ पॉईंटमध्ये सपाट. कटच्या दिशेनं मात्र टेबल ओढलं जात होतं, कारण माझ्या स्क्रूला २० पॉईंट बॅकलॅश (ढिलेपणा) आहे. तेव्हा उलट्या दिशेनंच फीड दिला आणि दुसरी गिब (दुसऱ्या स्लाइडची ढिलेपणा काढणारी पट्टी) घट्ट केली.

तरी नवशिक्याबद्दल माझं मत तेच आहे. एचएसएस चुकलं की थरथरतं, आवाज करतं, सांगून बिघडतं. विडिया एका क्षणात फुटतो आणि सोबत सीटही घेऊन जातो. शिकणाऱ्याला चूक कळायला वेळ मिळायला हवा.

सेकंड शिफ्ट, अंबड

काका, सीट फुटते ती बहुतेक वेळा इन्सर्टखाली चिप अडकल्यामुळे. प्रत्येक वेळी फिरवताना सीट ब्रशनं झाडा, बोट फिरवून बघा, मग स्क्रू लावा. आणि मधूनमधून बाटलीतून कूलंट शिंपडत असाल तर ते बंद करा, तापलेल्या कार्बाइडला त्यानंच बारीक तडे जातात. एकतर सतत धार, नाहीतर कोरडं.

उद्यमनगरकर, कोल्हापूर

ठाण्याचे दादा, भंगारातून काही घ्यायचंच असेल तर टीपीयूएन शोधा. ११ अंशांचा, तीन धारांचा, वर चिप ब्रेकर नसलेला सपाट. जुने क्लॅम्पचे होल्डर अजून मिळतात, आणि हिरव्या चाकावर नाही पण डायमंडच्या पट्टीवर त्याची धार घरी साफ करता येते. मी ०.८चा नोझ घासून लहान केलाय, चालतो.