12345678987654321 चे अवयव

‘12345678987654321 ही संख्या नुसती दिसायला सुंदर, आत काही नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ती 111111111 चा वर्ग आहे, आता तिचे अवयवही पाडून बघू. नऊ एकांचे तीन-तीनचे गट करा: 111 × 1001001. त्यातला 111 म्हणजे 3 × 37, आणि 1001001 म्हणजे 3 × 333667. हा 333667 मूळ आहे. म्हणजे आपली संख्या 3⁴ × 37² × 333667² झाली आणि तिचे विभाजक 5 × 3 × 3 = 45. वर्गसंख्येचे विभाजक नेहमी विषमच असतात, तेही जुळलं. आणखी गंमत: अंकांची बेरीज 81. तिने संख्येला गुणा, बरोबर 999999999 चा वर्ग येतो!

11² = 121, 111² = 12321 असा एकांच्या वर्गांचा मनोरा नऊ एकांपर्यंत उभा राहतो, पण ‘हा नमुना पुढेही असाच चालतो’ हे मात्र खरं नाही. दहा एकांचा वर्ग 1234567900987654321. मधल्या दहामुळे हातचा येतो आणि मनोरा मोडतो. एकांच्या अशा वर्गांना देवळालीचे गणिती द. रा. कापरेकर यांनी डेम्लो संख्या म्हटलं. हे नाव डोंबिवली (तेव्हाचं डेम्लो) स्टेशनावरून आलंय, कल्पना त्यांना तिथे सुचली म्हणून.