उपग्रहाच्या रंगीत चित्रात वाऱ्यानं उडणारा बर्फ कसा ओळखायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरचा, भूगोलात एमएस्सी करतोय. धाकटी बहीण अमेरिकेत फार्गोला शिकते. गेल्या हिवाळ्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. खिडकीतून वर निळंशार आभाळ, आणि खाली रस्त्यावर समोरच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसेनात. नवा बर्फ पडतच नव्हता, आधीचाच वाऱ्यानं उडत होता. रेड नदीचं ते खोरं परातीसारखं सपाट, वाऱ्याला आडवं काहीच नाही. फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही.

तेव्हापासून नासाच्या वर्ल्डव्ह्यू या संकेतस्थळावर व्हीआयआयआरएस या उपग्रहावरच्या कॅमेऱ्याची चित्रं बघतोय. उपग्रह तिथून भर दुपारी जातो, आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड. साध्या रंगात बर्फ, ढग सगळं पांढरंच, म्हणून एम३-आय३-एम११ लावतो, म्हणजे तीन तरंगलांबींच्या चॅनलचं कृत्रिम रंगातलं मिश्रण. त्यातल्या १.६ मायक्रॉन तरंगलांबीला बर्फ ऊन शोषतो आणि पाण्याच्या थेंबांचे ढग ते परतवतात, त्यामुळे बर्फाळ जमीन लाल आणि ढग पांढरे दिसतात. उडताना कण झिजून बारीक होतात. बारीक कण ऊन जास्त परतवतात, म्हणून तिथला लाल रंग फिकटतो आणि वाऱ्याच्या दिशेनं लांबच लांब रेघा उमटतात, अगदी उसाच्या सऱ्यांसारख्या.

घोळ इथंच होतो. खालच्या ढगांच्या ओळीही वाऱ्याच्याच दिशेनं असतात, आणि बर्फकणांचे ढग लालसरच दिसतात. मी सावली बघतो. जानेवारीत तिथं सूर्य दुपारीही २० अंशांच्या आसपास, म्हणजे ५०० मीटरवरच्या ढगाची सावली सव्वा किलोमीटरच्या वर जायला हवी. ३७५ मीटरच्या पिक्सेलवर ती तीन-चार पिक्सेल भरते. उडता बर्फ जमिनीलगत, त्याची अशी सुटी सावली नसावी. पण ओळी दाट असल्या की काही कळत नाही.

सावलीवर कितपत भरवसा ठेवावा? गोज या अमेरिकेच्या हवामान उपग्रहाची चित्रं दर ५ मिनिटांनी मिळतात. त्यांच्या रंगमिश्रणात निळ्या रंगासाठी ३.९ आणि १०.३ मायक्रॉनच्या तापमानातला फरक घेतला, तर किमान-कमाल मर्यादा काय ठेवायच्या? रात्री १.६ चा उपयोग नाही, तेव्हा तुम्ही काय बघता? इन्सॅटवरही १.६ चा चॅनल आहे. त्यावर झोजिला किंवा लडाखकडचा उडता बर्फ कुणी पाहिला असेल तर जरूर लिहा.

डिसेंबरात बहीण गाडी घेऊन आय-२९ महामार्गानं ग्रँड फोर्क्सला जाणार आहे. त्याआधी मला हे नीट वाचता यायला हवं.