मदत हवी आहे: १९१८ च्या आराखड्यावरचं मिकाडो इंजिन, गळणारा बॉयलर आणि सोबतचे दोन डबे

मिकाडो२८२

नमस्कार मंडळी. अमेरिकेत मिडवेस्टमध्ये स्वयंसेवकांचा एक गट वाफेचं इंजिन चालू करतोय, त्यासाठी सल्ला हवा आहे. इथे लोकोशेडमधली आणि डब्यांच्या कामातली जाणकार मंडळी आहेत, म्हणून मराठीतच विचारतो.

इंजिन २-८-२ (पुढे दोन, मध्ये आठ चालक आणि मागे दोन चाकं), यूएसआरए (युद्धकाळातलं अमेरिकी सरकारी रेल्वे प्रशासन) लाइट मिकाडो. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने रेल्वे ताब्यात घेतल्या तेव्हा ठरवलेल्या प्रमाणित नमुन्यांपैकी हा एक. त्यातलं पहिलं, बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे) ४५००, बाल्डविनने जुलै १९१८ मध्ये तयार केलं; ते आता बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. आमचं त्याच आराखड्यावरचं: सिलिंडर २६ बाय ३० इंच, चालक चाकं ६३ इंच, दाब चौरस इंचाला २०० पौंड. आगीचे वायू पाण्यातून नेणाऱ्या सव्वादोन इंची ट्यूबा २१६, साडेपाच इंची फ्ल्यू (मोठ्या ट्यूबा) ४०, लांबी १९ फूट. फायरबॉक्स (आगीची पेटी) पोलादी, इंधन कोळसा.

१४७२ दिवसांची मोठी तपासणी चालू आहे. ट्यूबा नव्या बसवल्या, बीडिंग (टोकं वळवून प्लेटवर बसवणं) झालं, सील वेल्ड (कडेभोवतीचं वेल्ड) बाकी आहे. सव्वापट म्हणजे २५० पौंडांची पाण्याची चाचणी घ्यायची होती, पण २१५ ला थांबवली. कारणं तीन:

डाव्या बाजूला वरच्या दोन ओळींत, पुढच्या कोपऱ्यात, पाच स्टेच्या (फायरबॉक्सचा आतला आणि बाहेरचा पत्रा जोडणाऱ्या दांड्यांच्या) टेलटेल म्हणजे तूट दाखवणाऱ्या भोकांतून पाण्याची धार. फायरबॉक्सकडच्या ट्यूबप्लेटवर खालच्या अर्ध्या भागात तीसेक ट्यूबांभोवती ओल. आणि मडरिंगच्या (फायरबॉक्सच्या तळाशी दोन पत्रे जोडणाऱ्या चौकटीच्या) डाव्या मागच्या कोपऱ्यात ठिपकणं.

सपोर्टचे डबे दोन. एक १९२० च्या दशकातला जड बॅगेज डबा, सहाचाकी बोगींचा, हत्यारांसाठी. दुसरा १९५० च्या सुमाराचा हलका डबा, माणसांना बसायला-झोपायला. शिवाय पाण्यासाठी जुना टेंडर. पैसे एका वेळी एकाच कामाला पुरतील एवढेच. समितीचं म्हणणं, आधी बॉयलर पास करून घ्या, वाफेचा फोटो दिसला की देणग्या येतात. डबे नंतर. हे बरोबर आहे का?

वॉशआउट

टेलटेलमधून पाणी आलं म्हणजे तो स्टे तुटलाय किंवा चिरलाय, यात चर्चेला जागा नाही. फायरबॉक्सचा पत्रा तापून वर सरकतो, बाहेरचा तेवढा सरकत नाही, आणि मधल्या स्टेला दर वेळी वाकावं लागतं. सर्वांत जास्त वाकतात ते वरच्या ओळींतले आणि कोपऱ्यातले, आणि तुटतात बहुधा बाहेरच्या पत्र्याला लागून. म्हणून तर भोक बाहेरच्या टोकाला ठेवतात, ३/१६ इंच व्यासाचं आणि निदान सव्वा इंच खोल. त्यात खिळा ठोकणं किंवा वर वेल्डचा ठिपका देणं असं कोणी सुचवलं, तर त्याला डबे रंगवायला पाठवा.

जुन्या अमेरिकी नियमात शेजारचे दोन, चार फुटी वर्तुळात तीन किंवा अख्ख्या बॉयलरमध्ये पाच स्टे तुटले की इंजिन उभं करायचं. तुमचे पाचही एका कोपऱ्यात आहेत. फक्त पाचच बदलू नका. एक तुटला की त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो, त्यामुळे भोवतालची एक ओळ सगळ्या बाजूंनी काढा.

काढताना दोन्ही टोकांना बरोबर मध्यावर पंच मारून पत्र्याच्या जाडीपेक्षा थोडं जास्त खोल ड्रिल करा आणि मग ठोकून आत पाडा. पडलेला प्रत्येक तुकडा मडहोलमधून (गाळ काढायच्या भोकातून) काढून मोजायचा. एक जरी वॉटर लेगमध्ये (दोन पत्र्यांमधल्या पाण्याच्या जागेत) राहिला तरी त्याच्याभोवती गाळ धरतो आणि तिथला पत्रा जळतो. नवा टॅप (आटे पाडायचं हत्यार) लांब हवा, दोन्ही पत्र्यांतून एकाच फेऱ्यात जाणारा, इंचाला १२ आटे. दोन पत्रे वेगवेगळे टॅप केले तर आटे जुळत नाहीत, स्टे आत जाताना पीळ खातो आणि दोन वर्षांत परत तुटतो. जुना आटा साफ करताना भोक मोठं होतं, तेव्हा प्रत्येक भोक मोजून त्या मापाचा स्टे वळवा. दोन-तीन आटे बाहेर ठेवून, पलीकडून डॉली (जड टेकण) धरून डोकं बसवा. ठोकताना टेलटेलचं तोंड मिटतं, ते नंतर ड्रिलने उघडायला विसरू नका.

बाकीचे स्टे हातोडीने वाजवून बघा, तेही १९० पौंडांच्या वर पाण्याचा दाब असताना. ताण असला की चांगला स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. दाब नसताना चिरलेल्या स्टेची दोन्ही तोंडं एकमेकांना टेकलेली असतात आणि तोही बरा वाजतो.

जाता जाता: युद्धकाळात आपल्याकडे भारतात आलेले एडब्ल्यूडी (अमेरिकी) आणि सीडब्ल्यूडी (कॅनडाचे) याच २-८-२ घराण्यातले, पोलादी फायरबॉक्सवाले. तांब्याच्या ब्रिटिश फायरबॉक्सवर हात बसलेल्यांचा सल्ला ऐकताना तेवढा फरक लक्षात ठेवा.

खडखडाट

पाणी किती अंशांचं होतं? आणि शेडमध्ये हवा कशी होती?

मिकाडो२८२

पाणी हायड्रंटचं, साधारण ९ अंश सेल्सियस. शेडमध्ये हीटर चालू होते, हवा दमट.

खडखडाट

मग त्या तीसपैकी किती ट्यूबा खरंच गळतात ते अजून ठरलेलं नाही. थंड पाणी भरलेल्या बॉयलरला दमट शेडमध्ये घाम सुटतो, आणि तो बीडिंगच्या कडेला जमून गळतीसारखा दिसतो. दुसरी बाब जास्त गंभीर. तिथल्या नियमानुसार पाण्याचा दाब देताना बॉयलरच्या धातूचं तापमान ६० ते १२० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १६ ते ४९ सेल्सियसमध्ये लागतं. शंभर वर्षांपूर्वीचं पोलाद थंडीत ठिसूळ होतं. रिव्हेटच्या भोकाशी बारीक चीर असेल तर ती थंड पत्र्यात अचानक धावते.

पुढच्या वेळी पाणी ३० अंशांच्या आसपास गरम करून आदल्या रात्री भरा. सकाळी तापमान पोटाखाली मोजा, वर नाही. थंड तिथेच राहतं. सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून बंद करायचे नाहीत, काढून तिथे ब्लँक (बंद झाकणं) लावायचे. भरताना सर्वांत वरची जागा उघडी ठेवून हवा पूर्ण जाऊ द्या. पाणी दाबलं जात नाही, म्हणून फुटलं तरी जोर लगेच ओसरतो; अडकलेली हवा मात्र स्प्रिंगसारखी दबते. गेज दोन, दोन्ही तपासलेले. २५० ची चाचणी झाली की आत शिरून तपासणी पुन्हा करावी लागते, तेव्हा डोमचं झाकण पक्कं करायची घाई नको.

मडरिंगच्या कोपऱ्याबद्दल: आधी अल्ट्रासोनिकने तिथल्या दोन्ही पत्र्यांची जाडी घ्या. राख आणि ओल दोन्ही तिथेच साठतात. जाडी शाबूत असेल तर दाब पूर्ण उतरवून कॉकिंग (कड ठोकून फट बुजवणं) करा, रिव्हेट सैल असेल तर तो बदला. पत्रा खाल्लेला असेल तर कॉकिंग करून उपयोग नाही, पत्र्याची कड आणखी पातळ होते.

वॉशआउट

ट्यूबांचं राहिलं. गरम पाण्याच्या चाचणीतही ज्या गळतील त्यांना लगेच परत एक्सपांडर (ट्यूब आतून रोल करून फुगवायचं हत्यार) लावू नका. आधी आतला व्यास मोजा.

स्मोकबॉक्सकडचं (पुढच्या धुराच्या पेटीकडचं) गणित सोपं आहे. ट्यूब ५७.१५ मिलिमीटर, जाडी ३.२ धरली तर आतला व्यास ५०.७५. प्लेटचं भोक १/३२ इंच मोठं असेल तर मोकळी जागा ०.८. त्यात दोन्ही बाजूंची जाडी मिळून सात टक्के दबायला हवी, म्हणजे ०.४५. एकूण ५२ मिलिमीटर आला की थांबायचं. यापुढे रोल केलं तर ट्यूबची भिंत पातळ होते, प्लेटचं भोक ताणलं जातं आणि शेजारच्या ट्यूबा सैल होतात. मग त्या रोल करा, मग त्यांच्या शेजारच्या. हा खेळ संपत नाही.

फायरबॉक्सकडे ट्यूबचं टोक आवळून त्याच्यावर तांब्याची फेरूल असते. फेरूलची कड आगीच्या बाजूच्या पृष्ठभागापासून किंचित आत हवी. बाहेर आली असेल तर बीड तांब्यावर बसतं, प्लेटवर नाही, आणि ती ट्यूब कधीच कोरडी होत नाही. गळणाऱ्यांपैकी दोन-चार ट्यूबांचं बीड काढून हे बघा. तिथेच बिघडलं असेल तर उरलेल्यांचंही कारण बहुधा तेच. क्रम रोल, प्रॉसर (ट्यूबला प्लेटला लागून कंगोरा पाडणं), बीड आणि शेवटी वेल्ड. सील वेल्ड गळती झाकायला करू नका. आधी नुसत्या रोलवर कोरडी व्हायला हवी. वेल्डच्या आधी सोड्याच्या गरम पाण्याने बॉयलर धुवा, नाहीतर रोलिंगचं तेल वेल्डमध्ये उकळून बारीक छिद्रं पडतात.

डब्यांची_डॉक्टर

आता डब्यांकडे वळूया, कारण समितीचा क्रम मला उलटा वाटतो.

मोठी तपासणी १४७२ सेवादिवस किंवा १५ वर्षं, जे आधी संपेल तितकी चालते. सेवादिवस इंजिन चालवलं तरच खर्च होतात, वर्षं मात्र शेडमध्ये उभ्या उभ्याही जातात. आज बॉयलर पास केलात आणि डबे-टेंडर व्हायला चार वर्षं लागली, तर ११ उरली. स्टे आणि ट्यूबांची कामं आता उरकून घ्या, पण शेवटची चाचणी आणि कागदावरची सही चाकं, ब्रेक आणि निदान हत्यारांचा डबा तयार झाल्यावर. देणग्यांना फोटो हवा तर लोकांना फायरबॉक्समधले नवे स्टे दाखवा, तेही बघायला गर्दी होते.

बॅगेज डबा: त्या काळच्या जड डब्यांत बरेचदा पत्र्यावर काँक्रीट ओतलेली जमीन असते. वरून दगडासारखी दिसते, खाली पत्रा कुजलेला. खालून टोच्याने ठोकून बघा, खास करून दारांच्या उंबऱ्याखाली आणि व्हेस्टिब्यूलपाशी (टोकाच्या प्रवेशजागेपाशी). सेंटर सिल (डब्याखालची मधली मुख्य तुळई) खाल्लेला निघाला तर डब्याचा विचार सोडा, दुसरा शोधा. स्टीम हीटिंगच्या पाइपांभोवतीचं पांढरं गुंडाळण म्हणजे ॲस्बेस्टॉस समजूनच चाला, इंजिनाच्या लॅगिंगचंही (उष्णतारोधक आवरणाचंही) तेच. ते परवानाधारकांनीच काढायचं, स्वयंसेवकांनी मास्क लावून नाही. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासणं बंद.

बोगीत साधे बेअरिंग आहेत की रोलर? साधे असतील तर मोठ्या रेल्वे तो डबा आपल्या मार्गावर घेणार नाहीत, फक्त स्वतःच्या रुळांवर चालवता येईल. रोलर बसवायचे तर चाकांसकट खर्च येतो. आधी हे ठरवा, मग रंगाचे डबे आणा.

माणसांचा डबा कोणी बनवला ते सांगा. यावर सगळं अवलंबून आहे.

मिकाडो२८२

पुलमन-स्टँडर्ड. बाहेरून स्टेनलेसचे नालीदार पत्रे आहेत, एकदम चकचकीत. बॅगेजला रोलर आहेत, पूर्वीच बदललेले.

डब्यांची_डॉक्टर

बॅगेजची चांगली बातमी. दुसऱ्याची चकाकी बघून खूश होऊ नका. बड कंपनीच्या डब्यात सांगाडाही स्टेनलेसचा, स्पॉट वेल्ड केलेला, तो टिकतो. पुलमनच्या अशा डब्यांत बहुधा साध्या पोलादी सांगाड्यावर स्टेनलेसचं नुसतं आवरण असतं. दोघांच्या मध्ये पाणी शिरलं की स्टेनलेस जसंच्या तसं राहतं आणि आतलं पोलाद झपाट्याने गंजतं. खिडक्यांखाली आणि बाजूच्या सिलच्या वर एक-दोन पट्ट्या उचकटून बघा. पत्रा मागे फुगलेला दिसला तर तिथे आत गंजाचे पापुद्रेच असणार. खिडक्यांचे रबर बदलल्याशिवाय आतलं लाकूडकाम, गाद्या, काहीही सुरू करू नका.

ब्रेक दोन्ही डब्यांचे एकदम काढा. व्हॉल्व्ह प्रमाणित दुकानातच उघडायचे, शेडच्या बाकावर नाही. ब्रेकच्या होजवर (रबरी नळीवर) तारीख ठोकलेली असते. वाचता येत नसेल तर होज टाकून द्या. जोडलेल्या गाडीत ब्रेक पाइपची गळती मिनिटाला पाच पौंडांच्या वर चालत नाही, आणि जुन्या डब्यांत ती बहुतेक वेळा पाइपच्या आटे असलेल्या जोडांतून असते. साबणाचं पाणी घेऊन एकेक जोड बघावा लागतो, कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग नाही.

खडखडाट

हत्यारांच्या डब्यात काय असावं तेही लिहितो, कारण हा डबा म्हणजे फिरतं शेड. वॉटर गेजच्या काचा आणि वॉशर, एक पूर्ण इंजेक्टर (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारं यंत्र), वॉशआउट प्लग, रॉडसाठी घट्ट ग्रीस, सिलिंडरचं स्टीम ऑइल वेगळं आणि जर्नलचं म्हणजे आसाच्या बेअरिंगचं वेगळं (पिंपांवर मोठ्या अक्षरांत लिहा, अंधारात अदलाबदल होते), ट्यूब गळली तर दोन्ही टोकांना लावायचे प्लग आणि १९ फुटी ट्यूबेतून आरपार जाणारी सळई, जॅक, लाकडी ठोकळे, घसरलेलं चाक चढवायचे फ्रॉग. ऑक्सिजनचे सिलिंडर आणि तेल एका कोपऱ्यात नाही. जड सामान बोगींच्या वर, मध्यावर नाही, आणि सगळं साखळीने बांधलेलं.

पाण्याच्या टेंडरला आत आडव्या पट्ट्या आहेत ना ते बघा. कुजून पडल्या असतील तर ब्रेक मारला की पाणी सगळं एका टोकाला जातं. आणि आतून गंज खरवडल्याशिवाय ते पाणी बॉयलरला देऊ नका, इंजेक्टरचे कोन बंद होतात.

मिकाडो२८२

वॉशआउट काका, खडखडाट भाऊ, डॉक्टर ताई, मनापासून आभार. समितीपुढे १५ वर्षांचा मुद्दा ठेवतो. एक राहिलं: तपासणी पुढे ढकलली तर नव्या ट्यूबा बॉयलरमध्ये दोन-तीन वर्षं पडून राहतील. पाणी भरून ठेवावं की कोरडं?

वॉशआउट

कोरडं. तिथल्या हिवाळ्यात भरलेलं पाणी गोठलं तर ट्यूबाच काय, मडरिंगही फुटेल. सगळे प्लग आणि मडहोल उघडा, खालच्या कोपऱ्यातलं शेवटचं पाणी व्हॅक्यूमने ओढून काढा, दोन दिवस गरम हवा सोडा. मग ट्रेमध्ये सिलिका जेल ठेवून बंद करा आणि महिन्याला एकदा उघडून रंग बघा. स्मोकबॉक्स आणि राखेचा डबा झाडून कोरडा करा. ओल्या राखेतून आम्ल सुटतं आणि ते बाहेरून खातं. धुरांड्यावर झाकण ठेवा. ते न ठेवल्यास पावसाचं पाणी थेट ट्यूबांच्या तोंडाशी जातं.