सेकंडहँड ट्राय बाइक घेतोय, इंदुरात सांभाळता येईल का?

राजेंद्रनगरी
नमस्कार मंडळी. चार वर्षांपासून ॲल्युमिनियमची रोड बाइक चालवतोय. आठवड्यात तीन दिवस सुपर कॉरिडॉर, रविवारी महू नाहीतर सिमरोल. पुढच्या वर्षी गोव्याची आयर्नमॅन ७०.३ करायचं मनात आहे (१.९ किमी पोहणं, ९० किमी सायकल, २१.१ किमी पळणं). पुण्यातले एक ओळखीचे त्यांची ट्राय बाइक, म्हणजे ट्रायथलॉनची सायकल, विकायला काढतायत. २०१९ ची, कार्बन, डिस्क ब्रेक, डीआयटू (शिमानोचे बॅटरीवर चालणारे गिअर) ११ स्पीड, चाकं पुढे ६० आणि मागे ८० मिमी खोल. अडीच लाख म्हणतात. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर अख्खा धागा तिकडेच जाईल.

घरी फोटो दाखवला. आई म्हणाली, "कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही. मग अडीच लाख कशाचे?" मला काही सांगता आलं नाही. वर "ट्रायसायकल" म्हटल्यामुळे शेजारच्या काकूंना वाटलं, मुलाला तीनचाकी घेतोय.

तर ज्यांच्याकडे आहे त्यांनी सांगा. रोजचं काय करावं लागतं, काय बिघडतं, आणि बिघडलं तर इथे कोण बघतं?

शनिवारची_राइड
आधी उलटा सल्ला देते. पहिलीच ७०.३ असेल तर घेऊ नका. आहे त्या रोडीला क्लिप-ऑन एरोबार (कोपर टेकून पुढे वाकायचे दांडे) लावा, खोगीर थोडं पुढे सरकवा, फिट करून घ्या. हवेचा जो विरोध होतो त्यातला ढोबळ तीन चतुर्थांश आपल्या शरीराचा, सायकलचा उरलेला. शरीर नीट वाकलं की निम्म्याहून जास्त काम झालं. राहिलेल्या पैशांत एरो हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारा ट्रायसूट घ्या, गोव्याला जाण्यायेण्याचा खर्चही निघेल.

चोरलघाट
वहिनींचं बरोबर आहे, पण त्याने घेण्याचं ठरवलंय हे दिसतंय न. विचारून राहिलाय ते नुसतं मनाच्या समाधानासाठी 😀

भिया, पहिलं मापाचं बघ. ट्राय बाइकचं माप चुकलं तर रोडीसारखं स्टेम (हँडल धरणारा तुकडा) बदलून भागत नाही, बऱ्याच गाड्यांत स्टेम त्याच कंपनीचं आणि त्याच आकाराचं लागतं. रोडीत सीट ट्यूबचा कोन ७२-७४ अंश असतो, इथे ७६ च्या वर, ८० पर्यंत. बूड पुढे येतं, कंबर मोकळी राहते आणि खाली वाकूनही पाय गोल फिरतात. म्हणून उंचीवरून साइज ठरवू नको. फ्रेमचा स्टॅक (उंची) आणि रीच (पुढची लांबी) विचार, आणि कोपराखालचे पॅड कमाल किती वर जातात ते विचार. आपण चाळिशीतले लोक, पाठ काही प्रोसारखी सपाट होत नाही.

मिळवायचं किती तेही डोक्यात असू दे. ताशी ३० ऐवजी ३२ ने गेलास तर ९० किमीत सव्वाअकरा मिनिटं वाचतात. खूप आहेत. पण तेवढी ट्रान्झिशनमध्ये (एका खेळातून दुसऱ्यात जाताना) मोजे शोधतानाही जातात.

राजेंद्रनगरी
उंची १७३, फ्रेम मीडियम आहे. स्टॅक-रीच विचारतो. क्लिप-ऑन मागच्या वर्षी लावून पाहिले होते, दीड तासाने मान जायची. खरं सांगायचं तर देखभालीचीच भीती आहे. माझा नेहमीचा मेकॅनिक चांगला आहे, पण डीआयटूची वायर बघून म्हणाला, "ये अपने से नी होगा."

चोरलघाट
तो प्रामाणिक आहे, त्याला सोडू नको. आता माझी गोष्ट सांगतो, लांबेल.

मागच्या उन्हाळ्यात मे-जूनभर ट्राय बाइक घरात ट्रेनरवर (जागेवर चालवायच्या स्टँडवर) लावली होती. बाहेर ४० च्या वर, सकाळी सहालाही लू सुरू. पंखा समोर, मी एरोबारवर आडवा, आणि नाकावरून घाम टप् टप् थेट बेसबारच्या (मुख्य आडव्या हँडलच्या) मध्यावर. तिथून तो स्टेमच्या झाकणाखाली. मी रोज कपड्याने वरून पुसायचो आणि खूश असायचो.

सप्टेंबरात स्टँडवर लावून सहज हँडल वळवलं तर मधोमध आल्यावर खट्ट करून एका खाचेत बसलं. सोडलं की परत तिथेच. झाकण उघडलं. ग्रीसच्या जागी चहाच्या गाळासारखं तपकिरी काहीतरी. हेडसेटचं (हँडल ज्यावर वळतं त्या जोडाचं) वरचं बेअरिंग ओढलं तर आतली कडी हातात आली, बाहेरची फ्रेममध्येच रुतलेली, आणि बॉल फरशीवर घरंगळत सोफ्याखाली.

आता गंमत बघ. अशा सायकलीत दोन्ही ब्रेकच्या नळ्या आणि वायर त्या बेअरिंगच्या पोटातून जातात. म्हणजे एका बेअरिंगसाठी नळी सोडवा, टोक कापा, नवं ऑलिव्ह नि बार्ब (नळीच्या टोकाचे जोड) बसवा, मग दोन्ही ब्रेक ब्लीड करा (आतली हवा काढा). बेअरिंग शोधायला सियागंजात तीन दुकानं फिरलो. सायकलचं म्हटल्यावर आधी हसले, मग ट्रकचं दाखवलं. शेवटी बाहेरून मागवलं, आणि पहिल्यांदा कोन चुकला, कारण ३६ अंशांचं आणि ४५ चं नुसतं बघून कळत नाही. जुन्यावर कोरलेलं होतं, गंजात गेलं. स्पर्धेला तेव्हा पाच आठवडे होते, त्यातले दोन यातच गेले.

म्हणून माझं ऐक: जुनी रोडी विकू नको. ती ट्रेनरवर कायमची लाव, घाम तिला पिऊ दे. ट्राय बाइक फक्त बाहेर. आणि बाहेरून आल्यावरही ओल्या फडक्याने मीठ पूस, मग कोरड्याने. कोरड्याने मीठ निघत नाही, पसरतं. पॅडचे बोल्ट दोन महिन्यांतून एकदा एकेक करून काढ, आट्यांना ग्रीस लाव, परत आवळ. सगळे एकदम काढलेस तर फिट गेलं समज.

मेणबत्ती
बेअरिंगवर +१. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) असल्याशिवाय ही सायकल घरात आणूच नका. कार्बनवर साधारण ५ न्यूटन मीटरच्या आसपास आकडे असतात, पण आकडा त्या त्या भागावर छापलेला असतो, तोच धरा. "हाताला कळतं" म्हणणारे लोक माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्यातल्या एकाची सीटपोस्टची पाचर फाटली. सीटपोस्टला ग्रीस नाही, कार्बन पेस्ट. ती खरखरीत असते, त्यामुळे कमी आवळूनही घसरत नाही. उंचीच्या जागी चिकटपट्टीची खूण.

चेनला मेण. इंदूरची धूळ आणि ओलं तेल एकत्र आले की दळणाची पेस्ट होते. पॅराफिन वितळवून चेन बुडवायची, गार झाली की कडक होते, हाताने कड्या वळवून मोकळ्या करायच्या. साधारण ३०० किमी चालते. पाऊस लागला तर मात्र त्याच दिवशी पुसून परत, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. आणि मेण लावायच्या आधी फॅक्टरीचं ग्रीस पूर्ण धुतलं गेलं पाहिजे, नाहीतर मेण धरतच नाही.

अवांतर: भांडं स्वतंत्र घ्या. मी दुधाचं पातेलं वापरलं होतं. त्यावर घरात अजून चर्चा चालू आहे.

शनिवारची_राइड
घेणारच असाल तर व्हॉल्व्हचं ऐका. आमच्या ग्रुपमध्ये एकाकडे ८० ची चाकं आहेत. गेल्या हिवाळ्यात सुपर कॉरिडॉरवर, विमानतळाच्या बाजूला, पावणेसहाला मागचं पंक्चर. आम्ही पाच जण थांबलो, पाचही जणांकडे ट्यूब. एकानेही मनापासून हात आखडता घेतला नाही, पण सगळ्यांच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह ४८ मिमी! रिमच्या भोकात डोकावून पाहिलं तर आत कुठेतरी टोक दिसतंय, विहिरीत पडलेल्या बादलीसारखं. शेवटी त्याचे वडील गाडी घेऊन आले आणि आम्ही पोहे खायला गेलो.

रिमच्या खोलीहून किमान २० मिमी लांब व्हॉल्व्हच्या दोन ट्यूब स्वतःजवळ, जोडीला व्हॉल्व्ह लांबवायचा एक्स्टेन्डर. ट्यूबलेस असेल तर सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी बघा, आपल्या उन्हाळ्यात लवकर सुकतं. ऑक्टोबरात सोयाबीनच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की कडेने जाऊ नका, काडीकचऱ्यात बाभळीचे काटे असतात.

आणखी एक. डिस्क ब्रेकमध्ये कुठलं ऑइल ते स्वतः माहीत करून घ्या. शिमानोला मिनरल ऑइल. एका दुकानात माझ्या रोडीत डॉट ऑइल भरलं, महिन्याभरात सील फुगले आणि लिव्हर गेला. दुकानदार म्हणाला ऑइल ऑइलच असतं.

बडोदेकर
इंदूरचा जावई आहे म्हणून लिहायचा हक्क समजतो.

बडोद्यात माझ्याकडे जुनी रिम ब्रेकवाली आहे, २०१४ ची. मागचा ब्रेक बीबीच्या (पेडलच्या आसाच्या) खाली लपवलेला. हवेला दिसत नाही म्हणे. चिखलाला मात्र बरोबर दिसतो. तुमची डिस्कवाली आहे हे उत्तम.

डीआयटूबद्दल भीती बाळगू नका, केबलपेक्षा कमी त्रास देतं. चार्जिंग शे-दीडशे किमीत संपत नाही, महिनोन् महिने चालतं, आणि म्हणूनच विसरायला होतं. संपत आली की आधी पुढचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) बंद पडतो, मग मागचा. पुढचा हलेनासा झाला की घरी फिरायचं. त्या पिढीचा चार्जर वेगळा असतो, मोबाइलचा लागत नाही. विकणाऱ्याकडून तो मागून घ्या.

प्रवासाला जाताना मागचा डिरेलर सोडून फोममध्ये गुंडाळा, नाहीतर हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) वाकतो. हँगर प्रत्येक फ्रेमचा निराळा, एक जादा आजच मागवून ठेवा, स्पर्धेच्या आदल्या दिवशी गोव्यात मिळणार नाही. सीओटूच्या नळकांड्या विमानात नेण्याच्या भानगडीत पडू नका, तिथेच घ्या.

चोरलघाट
रस्त्यांचं राहिलं. एरोबारवर पडलास की ब्रेक हाताशी नसतात, ते बेसबारवर. मधलं ते एक सेकंद हीच या सायकलची खरी किंमत आहे. म्हणून ग्रुपमध्ये कुणाच्या मागे असताना एरोबारवर जायचं नाही, आमच्याकडे तर चहाचा दंड आहे. गोव्यातही ड्राफ्टिंग (पुढच्याच्या आडोशाने चालवणं) बंद, पुढच्यापासून १२ मीटर, त्यामुळे एकट्याने चालवायची सवय लागलेलीच बरी.

सुपर कॉरिडॉर सकाळी उजाडल्यापासून सातपर्यंत छान. उज्जैन रोडला सिंहस्थ २०२८ साठी रुंदीकरण चालू आहे, तिकडे नको. भेरूघाट या सायकलवर उतरू नको, ट्रक आणि वळणं दोन्ही आहेत, रोडी ने. मे-जूनमध्ये माळव्यावर आडवा वारा सुटतो, तेव्हा पुढच्या ६० च्या चाकाला झटका बसतो. रोडीचं उथळ चाक बसतंय का बघ. डिस्क आणि ॲक्सल जुळले तर तीच युक्ती.

सराफ्यातले_काका
मी सायकलवाला नाही, पण १९८९ ची टूर द फ्रान्स आम्ही पेपरात वाचली होती. लेमाँड शेवटच्या दिवशी २४.५ किमीच्या टाइम ट्रायलला ट्रायथलॉनवाल्यांचे दांडे लावून बसला आणि फिन्योंला एकूण ८ सेकंदांनी हरवलं. तेव्हा लोक हसले होते त्या दांड्यांना. घे बाबा.

राजेंद्रनगरी
काकांचा सल्ला आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "त्याला आठ सेकंद लागली, तुला अडीच लाख."

शनिवारी पुण्याला जातोय. जाताना काय काय तपासू?

चोरलघाट
पडलेली आहे का ते खरचटण्यावरून कळतं: बेसबारची टोकं, लिव्हरचं टोक, मागच्या डिरेलरची बाहेरची बाजू, खोगिराची कड. एकाच बाजूला सगळं असेल तर पडलेली आहे. मग फ्रेमवर नाण्याने ठोकत जा. आवाज टणक हवा, कुठे बद्द झाला तर थांब. सीट क्लॅम्प आणि पॅडखाली भेगा बघ. पुढचं चाक उचलून हँडल हळू वळव, खाच लागते का. (हे मी सांगायला नको.) चेन गेज (चेन किती ताणली ते मोजायचं) ने, ११ स्पीडला ०.५ च्या पुढे गेली असेल तर चेन बदलायची, आणि कॅसेटही बघायची.

आणि सायकलीपेक्षा तिचा डबा बघ. स्पेसर, पॅडखालचे उंचवटे, जादा बोल्ट, हँगर, चार्जर. हे भाग सुटे मिळत नाहीत, मिळाले तर महिन्याने. डबा नसेल तर वीस हजार कमी कर, लाजू नको.

राजेंद्रनगरी
आणली. दोन लाख तीसला. खरचटलेली नाही, हँडल गुळगुळीत, चेन गेली होती म्हणून दहा कमी केले, बाकीचे दहा त्यांनी आईची गोष्ट ऐकून सोडले. उभी करून लिफ्टमध्ये बसते, म्हणजे मागच्या चाकावर. रोडी ट्रेनरवर गेली.

डबा आहे! श्रीखंडाचा, एक किलोचा. त्यात चार्जर, दोन हँगर, सहा उंचवटे, पुडीत बोल्ट, आणि एक छोटी पितळी टोपीसारखी वस्तू, आतून आटे असलेली. कुठली आहे कळत नाही. मेकॅनिकला दाखवली, तो म्हणाला कुकरची असेल.

मेणबत्ती
बाहेरूनही आटे आहेत का?

राजेंद्रनगरी
हो, जाडसर.

मेणबत्ती
मग ॲडॉप्टर आहे. बारीक व्हॉल्व्हवर बसवला की गाडीच्या पंपाने हवा भरता येते. अडीअडचणीला ठेवा, पण पेट्रोल पंपावरच्या मीटरवर भरवसा नको. तुमचे रिम हुकलेस (कडेला टायर धरणारी आकडी नसलेले) असतील तर ५ बार, म्हणजे ७२ पीएसआयच्या वर जायचंच नाही. रिमवर लिहिलेलं असतं, आधी ते वाचा.