आठवडाभर घर बंद, बोक्याची सोय कशी करावी?

मनीमाऊ: बोका चार वर्षांचा, नसबंदी झालेला, घराबाहेर न जाणारा. ऑटोमॅटिक फीडरमध्ये कोरडं खाणं आणि पाण्याची दोन भांडी ठेवली, शेजारच्या काकूंना एक दिवसाआड डोकावायला सांगितलं, तर भागेल का? की बोर्डिंगच (पैसे घेऊन पाळीव प्राणी ठेवून घेतात ती जागा) बरं?

खिडकीतला_बोका: एक दिवसाआड नको. रोज एकदा तरी, जमलं तर दोनदा. फीडर खाणं वाढतो, पण ते पोटात गेलं की नाही हे सांगत नाही. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते, आणि गुबगुबीत मांजरांना हा धोका जास्त.

बोक्यांत त्याहून घाईचं दुखणं म्हणजे लघवी तुंबणं. मूत्रमार्ग अरुंद असतो, त्यात खडे किंवा चिकट गाळ अडकतो. ताणानेही हा त्रास उफाळतो. पूर्ण तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. म्हणून बोक्याच्या शी-शूच्या बॉक्समध्ये ओलं झालं की गोळे होणारं लिटर (वाळूसारखा भुसा) वापरा आणि काकूंना रोज लघवीचे गोळे मोजायला सांगा. गोळे नाहीत, किंवा बोका सारखा बॉक्समध्ये बसून जोर करतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर. सकाळपर्यंत वाट पाहायची नाही.

शेपूटवाली: सहमत. मांजराचा जीव जागेत अडकलेला असतो, त्यामुळे घरच बरं. दर 12 तासांनी इन्सुलिन लागत असेल आणि टोचणारं कोणी नसेल, तरच बोर्डिंग. तिथे कुत्र्यांपासून वेगळी खोली आणि लपायला खोकं आहे ना, ते स्वतः पाहून या. लस आधीच झालेली हवी. निघायच्या आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

दाणापाणी: फीडर नवा असेल तर आधी आठवडाभर तुमच्यासमोर चालवा. मोठे दाणे तोंडाशी अडकतात, दमट हवेत चिकटतात. वीज गेली तरी चालेल असा बॅटरीवालाच घ्या. ओलं खाणं काकू असतील तेव्हाच, आणि उरलेलं उचलून टाकायचं.

सगळ्यात जास्त विसरतात ती दारं! वाऱ्याने बाथरूमचं दार आपटलं की मांजर आत, पाणी-लिटर बाहेर. प्रत्येक दाराला अडसर लावा, वॉशिंग मशीनचं झाकण बंद ठेवा. फुलदाणीत लिली असेल तर काढा. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

मनीमाऊ: काकू आल्या की तो पलंगाखाली दडी मारतो. मग कळणार कसं?

खिडकीतला_बोका: ओढून काढायचं नाही, ओरबाडेल. टॉर्च मारून रोज एकदा डोळ्यांनी पाहायचं. फीडरचं ताट ठरलेल्या वेळी वजनकाट्यावर ठेवा, किती खाल्लं ते ग्रॅममध्ये कळतं. डॉक्टरांकडे न्यायचा पिंजरा आतापासूनच घरात उघडा ठेवा, म्हणजे त्याला सवय होईल. डॉक्टरांकडे काकूंचं नाव आणि खर्चाची मर्यादा लिहून द्या, नाहीतर ऐनवेळी उपचार तुमच्या फोनसाठी अडतील.